मुरासे-सानची बाजू

एकावन्नाव्या वर्षी मी अक्षरं शिकले आणि अडुसष्टाव्या वर्षी जपानात मुलाकडे निशी-कसाईला येऊन पुन्हा निरक्षर झाले. त्यामुळे लिफ्टशेजारच्या फलकावरचा कागद माझ्याच वर्गाबद्दल आहे, हे मला दोन दिवस कळलं नाही. तिसऱ्या दिवशी माझी सून चारुता ऑफिसातून येताना तो वाचून वर आली आणि बूट काढायच्या आधीच म्हणाली, "आई, खोली काढून घेतायत."

खोली म्हणजे तळमजल्यावरची रहिवासी मंडळाची सभाखोली. दर रविवारी दहा ते साडेअकरा मी तिथे मराठीचा वर्ग घेत होते. नऊ मुलं होती. सगळ्यांचे बाप संगणकवाले. कोणी दोन वर्षांसाठी आलेला, कोणी पाच. मुलं घरात मराठी ऐकत आणि उत्तर जपानीत देत. माझी नात जुई आठ वर्षांची. पाणी आण म्हटलं की आणायची, पण "मीच का?" हे जपानीत विचारून.

कागदावर लिहिलं होतं की नोव्हेंबरपासून खोली फक्त मंडळाच्या कामाला मिळेल. आठ ऑक्टोबरच्या सभेत मतदान. कारण एका ओळीचं: इमारतीचे नियम पाळले जात नाहीत. खाली अध्यक्ष मुरासे यांचं नाव.

"दुसरीकडे भरवू वर्ग," माझा मुलगा देवदत्त म्हणाला.

"कुठे? वॉर्डाच्या हॉलला चिठ्ठ्या टाकतात," चारुता म्हणाली. "कधी महिनाभर नंबर लागत नाही."

महिनाभर म्हणजे काय, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी मुंबईत एका बँकेच्या कँटीनमध्ये काम करायचे. अडतिसाव्या वर्षी आमच्या गल्लीत बायकांसाठी रात्रीचा वर्ग निघाला. पाच आठवडे चालला. मी 'ठ'पर्यंत पोचले होते. मग खोली दुसऱ्या कुणाला दिली, बाई म्हणाल्या, चार दिवसांत नवी जागा कळवते. त्यानंतर पाटीसमोर पुन्हा बसायला मला तेरा वर्षं लागली. बंद पडलेला वर्ग आपणहून सुरू होत नाही. नऊ मुलांचं तसं मी होऊ देणार नव्हते.

देवदत्तने दोन दिवसांत लॅपटॉपवर चौदा पानांचं प्रेझेंटेशन केलं. इमारतीत भारतीय कुटुंबं किती, भाडं किती, कर किती. "हा सरळ भेदभाव आहे, आई. आपण कुठला नियम मोडलाय? चारुता बोलेल. तिचं जपानी फोनवर ऐकलं तर समोरच्याला कळत नाही की भारतीय आहे."

"वर्ग माझा आहे. मी बोलते."

तो हसला. "तुला 'दूध कुठे आहे' एवढंच येतं."

"तेवढ्यावर दूध मिळतं ना?"

शनिवारी मी चारुताला घेऊन ओकाबे-सेन्सेईंकडे गेले. वॉर्डाच्या हॉलमध्ये ते परदेशी माणसांना फुकट जपानी शिकवत. मी दीड वर्ष त्यांच्याकडे जात होते. निवृत्त मास्तर, पण त्यांनी चौतीस वर्षं जे शिकवलं ते जपानी नव्हतं, जुन्या रोमन लोकांची भाषा होती. ती आता कुणी बोलत नाही, असं चारुताने मला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, मग हा माणूस माझ्यासारखाच. ज्याचा कुणाला उपयोग नाही ते जिद्दीने धरून बसलेला.

माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. मग फळ्यावर बुटासारखा एक देश काढला आणि बोलू लागले. चारुता वाक्यावाक्याला थांबवून मला मराठीत सांगत होती. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे चारचौघांत बोलायला शिकवायच्या शाळा होत्या. बोलणं उपजत असतं की शिकून येतं, यावर त्या लोकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली.

"मग ठरलं काय?" मी विचारलं.

"दोन्ही लागतं. पण उपजत आहे-नाही त्याला कुणाचा इलाज नाही. शाळा उरलेल्या अर्ध्यासाठी असते." त्यांनी खडू खाली ठेवला. "माझे सगळ्यात हुशार विद्यार्थी दुसऱ्या वर्षी सोडून गेले. शेवटपर्यंत टिकले ते दोन मठ्ठ. एक आता प्राध्यापक आहे."

"मी मठ्ठांतली," मी म्हटलं. चारुताने ते भाषांतर करताना जरा गोड करायचा प्रयत्न केला असावा, कारण सेन्सेई तिच्याकडे बघून हसले आणि मला म्हणाले, "उत्तम."

मग त्यांनी मला काम दिलं. त्या शाळांत मुलाला स्वतःची बाजू मांडायच्या आधी समोरच्याची मांडायला लावत. "तुम्ही आता मुरासे-सान आहात. खोली का बंद करायची ते मला सांगा."

मी उभी राहिले. "मला परदेशी माणसं आवडत नाहीत," मी म्हटलं.

सेन्सेईंनी हात वर केला. "मुरासे-सान स्वतःबद्दल असं म्हणेल? हे तुमचं त्याच्यावरचं भाषण झालं. त्याची बाजू अशी मांडा की तो दाराआड उभा असला तर मान हलवेल."

मी पुन्हा प्रयत्न केला. मुलं आवाज करतात, म्हटलं. करत नाहीत, हे मलाच माहीत होतं. चटया तशाच टाकून जातात, म्हटलं. तेही खोटं, चटया मी स्वतः गुंडाळून ठेवायचे. मग मी खाली बसले.

"त्याचं काय दुखतं तेच मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग जाऊन बघा," सेन्सेई म्हणाले. "बोलायचं त्यानंतर."

मुरासे-सानला, म्हणजे आपल्याकडच्या मुरासेरावांना, मी रोज लांबून बघायचे. सत्तरी पार केलेला, काटकुळा, डोक्यावर टोपी. पहाटे इमारतीच्या मागच्या बाजूला काहीतरी करत असतो एवढं आमच्या बाल्कनीतून दिसायचं. त्या आठवड्यात मी साडेपाचला खाली जाऊन सायकलींच्या शेडमध्ये बसू लागले. पहिल्या दिवशी पाऊस होता, तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मलाच उशीर झाला. पावणेसहाला पोचले तर तो पिशवी बांधून चाललेला. तिसऱ्या दिवशी मी अंधारातच जाऊन बसले आणि सगळं पाहिलं.

सभाखोलीच्या मागे त्सुबाकीची झुडपं आहेत, जाड चकचकीत पानांची. त्यांच्या मुळाशी तीन कावळे काहीतरी ओढत होते. मुरासे-सानने झाडूने त्यांना हाकललं. मग लोखंडी चिमट्याने वाकून एकेक वस्तू उचलू लागला. भिजलेले तांदूळ. खोबऱ्याचा तुकडा, त्याच्यासाठी कावळा परत आला. कुजलेली शेवंती. आणि मग चिमट्याला लागून एक माळ वर आली, लाल दोऱ्यात ओवलेली.

ती माळ मी ओवली होती. नवरात्राची चौथी. तो लाल दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला होता.

मी दीड-दोन वर्षं निर्माल्य तिथेच ठेवत होते. इथे नदीत काही टाकू देत नाहीत आणि देवावरचं फूल कचऱ्याच्या पिशवीत घालायला माझा हात धजत नव्हता. झाडाच्या मुळाशी ठेवलं की मातीचं मातीला मिळतं, त्यात कसला कचरा, असं मला वाटायचं. दिवेलागणीला जायचे, नमस्कार करून ठेवायचे, वर यायचे. सकाळी जागा स्वच्छ दिसायची. मला वाटायचं, मातीने घेतलं.

मुरासे-सानने पिशवी बांधली, तिच्यावर पेनने काही लिहिलं, डब्यातून पाणी आणून दगड धुतले. उठताना त्याने एक हात कंबरेवर आणि एक हात भिंतीवर ठेवला. मी शेडमध्ये सायकलींमागे बसून राहिले. पुढे जायचं धैर्य झालं नाही, हे लपवत नाही.

वर जाऊन पहिला फोन क्षिप्राला लावला. हिची मुलगी माझ्या वर्गात, राहायला हिगाशी-कसाईला.

"क्षिप्रा, तू निर्माल्याचं काय करतेस गं?"

"अहो आजी, तुम्हीच तर सांगितलंत! झाडाच्या मुळाशी ठेवा म्हणून. मी तर रविवारी क्लासला येताना आठवड्याचं सायकलच्या बास्केटमधून घेऊन येते. आमच्याकडे त्सुबाकी नाही ना!"

"आणखी कोण कोण?"

"सगळेच. गणपतीत तर रांग होती हो." ती हसली, मग थांबली. "का? चुकलं का काही?"

रात्री जेवताना मी घरात सांगितलं. देवदत्तने चपाती ताटात ठेवली. "हे बाहेर बोललीस कुणाला?"

"क्षिप्राला."

"बस, आता इथेच थांब. सभेत हे काढायचं नाही. त्यांनी कागदावर कुणाचं नाव लिहिलंय? नाही. त्यांच्याकडे पुरावा नाही. आपण गुपचूप बंद करू आणि मी माझं प्रेझेंटेशन देतो."

"तुझ्या चौदा पानांत आपण काही केलं नाही असं लिहिलंय."

"आई, भर सभेत स्वतःहून कबूल करतं का कोणी? खोली तर जाईलच, वर आपल्याला रोज लिफ्टमध्ये तोंड दाखवायचंय. मला अजून तीन वर्षं काढायची आहेत इथे."

त्याचंही खरं होतं. मी चारुताकडे पाहिलं. ती रोज तोझाई लाइनने निघून, पुढे गाडी बदलून कावासाकीला जाते. जपानी लोकांत दिवस काढते.

"आमच्या सिस्टिममध्ये काही बिघडलं ना," ती हळूहळू म्हणाली, "की क्लायंट पहिल्यांदा एकच विचारतो. कारण काय? ते लपवलं असं वाटलं की पुढचं काही ऐकतच नाही. गेल्या वर्षी एका टीमने लपवलं होतं. काम गेलं."

"म्हणजे तू आईच्या बाजूने?"

"मी कारणाच्या बाजूने. आणि देव, आईंना आपण आत्ता अडवू शकतो असं तुला खरंच वाटतं?"

आठ दिवस उरले होते. सेन्सेईंना जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. म्हणाले, "आता तुमच्याकडे भाषण आहे. आजपर्यंत फक्त मागणी होती."

चारुताने रद्दीतून मंडळाने वाटलेले, आम्ही न वाचलेले नियमांचे तीन कागद शोधून काढले. नऊ वाक्यं ठरली. पाच मुरासे-सानची, दोन माझ्या चुकीची, एक पुढे काय करणार त्याचं, एक खोलीचं. सगळी जपानीत. चारुता लिहून द्यायला निघाली, पण मला ती लिपी वाचता येत नाही आणि तेच मराठी अक्षरांत लिहून वाचलं असतं तर मान खाली गेली असती. सेन्सेई म्हणाले, रोमन लोकही कागद धरत नसत. ते मनात एक ओळखीचं घर घेत आणि एकेका खोलीत एकेक मुद्दा ठेवत. बोलताना घरातून चालत जायचं.

मला हसू आलं. "हे मी तेवीस वर्षं केलंय."

कँटीनमध्ये अकरा टेबलं होती आणि साठ माणसं. लिहिता येत नव्हतं तेव्हा मी ऑर्डरी अशाच धरायचे. दाराजवळच्या टेबलावर बिनसाखरेचा चहा, खांबाजवळ दोन कॉफी, खिडकीशी कायम भांडणारे कर्जविभागवाले, त्यांना काही न विचारता मिसळ. चारुताने हे सांगितल्यावर सेन्सेईंनी टेबलांचा नकाशा माझ्याकडून काढून घेतला आणि वहीत ठेवून दिला. मग म्हणाले, "चला. दाराजवळचं टेबल."

त्या आठवड्यात मी ती नऊ वाक्यं किती वेळा म्हटली ते मोजलं नाही. भांडी घासताना, सुपरमार्केटच्या रांगेत, देवासमोर. माफीच्या शब्दावर सेन्सेई अडून बसले. बाजारात धक्का लागला की म्हणायचा तो शब्द इथे चालणार नाही, मोठा हवा. 'मोशिवाके गोझाइमासेन.' माझ्या तोंडात तो दगडासारखा फिरायचा. "आवाज पडतोय," ते म्हणायचे. "पुन्हा." मी थकले म्हटलं तर म्हणायचे, "हो. पुन्हा." जुई माझ्यामागे फिरत माझे उच्चार दुरुस्त करायची आणि पोट धरून हसायची. दसऱ्याला मी फुलं कुठेच ठेवली नाहीत. टोपलीत घालून बाल्कनीत ठेवली आणि देवीला म्हटलं, जरा थांब.

सभेला पंचवीस-तीस माणसं होती. दारात चपला-बूट ओळीने लावलेले. देवदत्त लॅपटॉप मांडीवर घेऊन कडेला बसला होता, बंद करून. मुरासे-सानने ठराव वाचला, कारण तेच एका ओळीचं, आणि विचारलं कुणाला काही बोलायचंय का. मी उठले.

दाराजवळचं टेबल. "मी पाचशे तीनमधली प्रभावती. आधी मुरासे-सानची बाजू सांगते."

मुरासे-सानने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ते रोज पावणेसहाला त्सुबाकीखालचा कचरा उचलतात. तो कचरा त्यांचा नाही. तीन वेळा त्यांनी नियमांचा कागद घरोघर वाटला, आम्ही वाचला नाही. कुणाच्या दारात जाऊन ते ओरडले नाहीत, फलकावर कुणाचं नाव लिहिलं नाही. मी अध्यक्ष असते तर मीही खोली बंद केली असती."

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. मी खांबाजवळच्या टेबलाशी गेले. "ती फुलं माझी आहेत. देवाची फुलं कचऱ्यात टाकायची नाहीत अशी आमची रीत आहे आणि इतरांनाही तिथे ठेवायला मीच सांगितलं." मग तो दगड. तोंडातून सबंध बाहेर पडला. कंबरेत वाकून उभी राहिले, सेन्सेईंनी शिकवलं होतं तितका वेळ. "आजपासून तिथे काही पडणार नाही, आणि दर शनिवारी मी झाडायला येईन."

आणि खाली बसले.

चारुता माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. देवदत्तने कपाळावर हात मारला. मला काही कळेना. इतकं चांगलं झालं होतं.

मुरासे-सान घसा खाकरून म्हणाला, सावकाश, मला समजेल असं, "प्रभावती-सान, मग तुमची विनंती काय आहे?"

खिडकीजवळचं टेबल! कर्जविभागवाल्यांना न वाढताच मी मोरीवर गेले होते. मी ताडकन उठले. "खोली!" मी म्हटलं. "नऊ मुलं आहेत. रविवारी दहा ते साडेअकरा. खोली हवी आहे."

हसणं आधी मागून आलं, मग पुढून. मुरासे-सान हसला नाही. त्याने बोट वर केलं. "एक चूक आहे. मी पावणेसहाला नाही, साडेपाचला सुरू करतो."

मग वाद झाला, अर्धा तास. एक बाई म्हणाली की कबूल केल्याने वास जात नाही, आणि तिचंही बरोबर होतं; तिची बाल्कनी बरोबर त्या झुडपांवर आहे. मतदान झालं. खोली जानेवारीअखेरपर्यंत आमच्याकडे राहील, त्यानंतर पुन्हा सभा, असं चौदा विरुद्ध अकराने ठरलं. देवदत्त परत येताना लिफ्टमध्ये म्हणाला, "तीनच मतं जास्त, आई." मी म्हटलं, "जानेवारीला चार करू." लिफ्टमध्ये ती बाल्कनीवाली बाईही होती. मी तिला वाकून नमस्कार केला. तिने केला, थोडासा.

शनिवारी साडेपाचला मी झाडू घेऊन खाली गेले. मुरासे-सानने मला दुसरा चिमटा दिला आणि एक झाकणाची मोठी कुंडी दाखवली. फुलं कापून, मातीचे थर देऊन त्यात कशी कुजवायची ते हातवारे करून समजावलं. आता पाच घरांच्या बाल्कन्यांत तशा कुंड्या आहेत. खोबरं आम्ही खाऊन टाकतो. दोरा वेगळा, पिशवीत, मंगळवारी कचऱ्याच्या गाडीला.

रविवारी वर्गात मी मुलांना ओकाबे-सेन्सेईंचं काम दिलं. त्सुबाकीखालच्या भांडणात कुणाचीही बाजू घ्या, पण स्वतःची नाही. मराठीत, एक पान. मुलं कुरकुरली. जुईने नेहमीप्रमाणे जपानीत विचारलं, मीच का. मी उत्तर दिलं नाही. मग तिने मराठीत विचारलं, "आजी, कावळ्याची घेतली तर चालेल?"

"घे."

साडेअकराला तिने पान आणून दिलं. आधी कधी तिने चार ओळींपलीकडे लिहिलं नव्हतं. हे पान दोन्ही बाजूंनी भरलं होतं. कावळ्याचं म्हणणं असं, की रोज संध्याकाळी एक आजी येऊन माझ्यासाठी जेवण ठेवते, मला नमस्कारसुद्धा करते, आणि सकाळी एक आजोबा येऊन मला झाडू दाखवतात. मी कुणाचं ऐकू?

मी ते दोनदा वाचलं. मग वहीतून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"छान," मी म्हटलं. "आता मुरासे-सानची."